विजेवर झेपावणारी लहान जेट विमाने : रचना, जोडणी आणि उड्डाणातील दक्षता

बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथील प्रांगणात उभ्या असलेल्या ‘सी हॉक’ आणि ‘सी हॅरियर’ या विमानांसमोर शाळकरी मुलांचे घोळके तासन् तास रेंगाळताना दिसतात. यांपैकी सी हॅरियर विमाने १९८३ च्या डिसेंबरात प्रथम दाबोळी येथे उतरली आणि २०१६ च्या मे महिन्यात सेवानिवृत्त झाली. तीन दशकांहून अधिक काळ गोव्याच्या आकाशात त्यांचा आवाज घुमला. अशी विमाने जवळून पाहिलेल्या मुलाच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : हे आपल्याला करून पाहता येईल काय?

काही प्रमाणात येते. खऱ्या जेट विमानासारखे दिसणारे, नाकावर पंखा नसलेले आणि जमिनीवरून रेडिओच्या साहाय्याने चालविता येणारे प्रतिकृती-विमान आज हौशी माणसाच्या आवाक्यात आले आहे. त्याच्या पोटात इंधन जळत नाही. नळीत बसविलेला एक लहान पंखा विजेच्या मोटरवर फिरतो. या यंत्रणेस ‘इलेक्ट्रिक डक्टेड फॅन’ असे म्हणतात आणि हौशी मंडळींत ती ‘ईडीएफ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. शाळांतील विज्ञान मंडळे, राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्र आणि यंत्रांची आवड असलेले तरुण यांना या छंदातून पुष्कळ शिकता येण्यासारखे आहे. मात्र हे खेळणे नव्हे. त्यामागील शास्त्र, जोडणीतील बारकावे आणि त्यासोबत येणारी जबाबदारी या तिन्ही गोष्टी आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

झोत कसा निर्माण होतो?

जगातील पहिले जेट विमान ‘हाइंकेल हे १७८’ हे २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत उडाले. जेट इंजिनात पुढून हवा आत घेतली जाते, दाबली जाते, तिच्यात इंधन जाळले जाते आणि तापलेला वायू प्रचंड वेगाने मागे फेकला जातो. जितक्या जोराने वायू मागे जातो, तितक्याच जोराने विमान पुढे ढकलले जाते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

ईडीएफ यंत्रणेत ज्वलन नाही, पण हवा मागे फेकण्याचे तत्त्व तेच आहे. चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तोंडाने नुसती फुंकर घातली तर ती चहूकडे पसरते. तीच फुंकर फुंकणीतून गेली की एकवटते आणि निखारा फुलतो. येथे फुंकणीच्या जागी नळी आहे आणि फुंकर घालण्याचे काम पंखा करतो.

या पंख्याची मापे त्याच्या व्यासावरून सांगतात. ५०, ६४, ७०, ८०, ९० आणि १२० मिलिमीटर ही नेहमी आढळणारी मापे आहेत. नवशिक्याला समजण्यासाठी ७० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या मध्यभागी मोटरचा सुमारे ३० मिलिमीटर व्यासाचा गाभा असतो. ७० मिलिमीटरच्या वर्तुळातून ३० मिलिमीटरचे वर्तुळ वजा केले म्हणजे हवा जाण्यासाठी सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर एवढी जागा उरते. तळहाताच्या मध्यभागापेक्षा ती मोठी नाही. या जागेतून दर सेकंदाला सुमारे पाव किलोग्रॅम हवा ओढून ती सेकंदाला ७५ मीटर वेगाने मागे फेकली, तर जवळजवळ १९ न्यूटन, म्हणजे सुमारे १.९ किलोग्रॅम वजन तोलून धरील एवढा रेटा मिळतो. पंख्याचे पाते यासाठी मिनिटाला चाळीस हजारांच्या घरात फेरे घेते. गुणाकार करून पाहिल्यास पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १४६ मीटर येतो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूजवळ बोट नेणे म्हणजे काय, याची कल्पना या आकड्यावरून यावी.

पंख्याच्या मागे काही स्थिर पाती बसविलेली असतात. पंख्यातून निघालेली हवा भोवऱ्यासारखी गरगरत मागे जाते; तिची गिरकी मोडून तिला सरळ करणे हे या स्थिर पात्यांचे काम. फिरती पाती आणि नळीची भिंत यांमधील फट जितकी कमी, तितकी हवा कडेने निसटून वाया जाण्याचे प्रमाण कमी. पण पाते भिंतीला घासताही कामा नये. म्हणून ही फट अगदी काटेकोर ठेवावी लागते.

नळीचे तोंड आणि शेपूट

पंखा उत्तम असूनही विमान उडत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. अशा वेळी दोष बहुधा नळीत असतो. हवा आत घेणाऱ्या तोंडाची कडा धारदार असेल तर हवा त्या कडेवर अडखळते आणि पंख्यापर्यंत पोचण्याआधीच तिच्यात भोवरे निर्माण होतात. म्हणून तोंडाची कडा घंटेच्या ओठासारखी गोलसर असावी. तोंडाचे क्षेत्रफळ पंख्याच्या हवा जाण्याच्या जागेपेक्षा कमी असू नये. किंचित जास्त असलेले बरे. नळीच्या आत वाकडीतिकडी वायर, चिकटपट्टीचे सुटलेले टोक किंवा खडबडीत सांधा राहू देऊ नये.

मागील बाजूस मात्र नळी हळूहळू निमुळती होत जाते. बागेला पाणी घालणारा माळी नळाच्या तोंडावर अंगठा धरतो, तेव्हा पाण्याची धार लांब जाते. तसाच हा प्रकार आहे. झोताचे तोंड पंख्याच्या जागेच्या ८५ ते ९० टक्के ठेवण्याची पद्धत आहे. ते अधिक अरुंद केल्यास झोताचा वेग वाढतो, परंतु जमिनीवरून सुटतानाचा रेटा कमी होतो आणि मोटरवर ताण येतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे इष्ट आहे. उघड्या मोठ्या पंख्याच्या तुलनेत नळीतला हा लहान पंखा उधळ्या आहे. समजा, एका यंत्रणेने ठरावीक हवा ठरावीक वेगाने मागे फेकली. दुसरीने दुप्पट हवा निम्म्या वेगाने फेकली. दोघींचा रेटा सारखाच. पण हवेला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे दुसरीला निम्मीच ऊर्जा लागते. उघडा मोठा पंखा या दुसऱ्या यंत्रणेसारखा आहे, ईडीएफ पहिलीसारखा. जेटचे रूप, जेटचा आवाज आणि जेटचा वेग हवा असेल, तर त्याची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांस संवेग आणि गतिज ऊर्जा यांतील भेद वर्गात दाखविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मोटर, बॅटरी आणि साडेतीन मिनिटांचा हिशेब

नळीतल्या पंख्याची कल्पना नवी नाही. पूर्वी हौशी मंडळी मिथेनॉल मिसळलेल्या इंधनावर चालणारी लहान इंजिने नळीत बसवीत. विजेचा प्रयोगही होत असे. पण निकेल-कॅडमियमच्या जड बॅटऱ्या आणि कार्बन ब्रशच्या मोटरी यांच्यामुळे विमान जेमतेम उडे. इ.स. २००० नंतर ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी सर्वत्र मिळू लागल्यावर चित्र पालटले. पुढे हेच तत्त्व माणूस वाहून नेणाऱ्या विमानातही वापरले गेले. नळीतल्या दोन विद्युत् पंख्यांवर चालणारे एअरबस कंपनीचे ‘ई-फॅन’ हे प्रायोगिक विमान २०१४ मध्ये उडाले आणि जुलै २०१५ मध्ये त्याने इंग्लिश खाडी ओलांडली.

लिथियम-पॉलिमर बॅटरीतील एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. ७० मिलिमीटरच्या पंख्यास बहुधा सहा सेलची बॅटरी लावतात. म्हणजे नाममात्र २२.२ व्होल्ट आणि पूर्ण भरलेली असता २५.२ व्होल्ट. पूर्ण वेगात अशी मोटर ७० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. २२.२ ला ७० ने गुणले की सुमारे १५५० वॅट येतात. घरातील पाणी तापविण्याच्या कॉइलएवढी ही शक्ती हातात मावणाऱ्या यंत्रातून जात असते.

आता उड्डाणकाळाचा हिशेब पाहू. बॅटरीची क्षमता ४००० मिलिअँपिअर-तास आहे. ती पूर्ण रिकामी करावयाची नसते. निदान २० टक्के शिल्लक ठेवावी लागते. म्हणजे वापरावयास मिळतात ३२०० मिलिअँपिअर-तास, अर्थात ३.२ अँपिअर-तास. सबंध उड्डाणात सरासरी ५० अँपिअर लागले असे धरल्यास ३.२ भागिले ५०, म्हणजे ०.०६४ तास. मिनिटांत हे ३.८ होतात. तात्पर्य, सुमारे साडेतीन मिनिटांत विमान जमिनीवर आले पाहिजे. हा हिशेब कागदावर न करता जो विमान आकाशात सोडतो, त्याला तो हिशेब आकाशातच करावा लागतो आणि तेव्हा वेळ उरलेला नसतो.

मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये वेगनियंत्रक असतो. त्याची प्रवाह सोसण्याची क्षमता प्रत्यक्ष लागणाऱ्या प्रवाहापेक्षा निदान चौथ्या हिश्शाने अधिक असावी. ७० अँपिअर लागणार असतील तर ९० ते १०० अँपिअरचा वेगनियंत्रक घ्यावा आणि त्याच्या धातूच्या पट्टीवरून हवा वाहील अशा जागी तो बसवावा. बॅटरीवर छापलेल्या ‘सी’ या अंकाचाही अर्थ समजून घ्यावा. ४००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर ३५ सी लिहिले असेल, तर ४ गुणिले ३५ म्हणजे १४० अँपिअर देण्याची तिची क्षमता आहे, असा तो दावा असतो. दावा आणि वस्तुस्थिती यांत अंतर असू शकते. म्हणून प्रत्यक्ष गरजेच्या दुप्पट आकडा पाहून बॅटरी घेणे शहाणपणाचे.

गोव्यासारख्या उष्ण प्रदेशात आणखी एक बाब लक्षात ठेवावी. हवा तापली की विरळ होते. १५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ३५ अंशांवर हवेची घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. पंख्याचा रेटा आणि पंखांची उचल दोन्ही त्या प्रमाणात उतरतात. थंड देशातील निर्मात्याने छापलेले आकडे चैत्र-वैशाखाच्या दुपारी तसेच्या तसे मिळणार नाहीत. सकाळची वेळ विमानालाही मानवते आणि बॅटरीलाही.

जोडणी आणि समतोल

आजची बहुतेक विमाने फोमच्या सुट्या भागांत मिळतात. ते भाग जोडणे अवघड नाही. अवघड आहे ते नीट तपासणे.

पहिली बाब गुरुत्वमध्याची. निर्मात्याच्या पुस्तिकेत पंखाच्या मुळाशी गुरुत्वमध्याची जागा दिलेली असते. बॅटरीसह विमान पूर्ण सज्ज करून त्या जागी दोन बोटांवर तोलावे. ते सपाट राहावे किंवा नाक किंचित खाली झुकावे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवावी आणि तिची जागा रेघ मारून कायम करावी. शेपटीकडे भार असलेले विमान चालकाचे ऐकत नाही. वेग कमी होताच ते नाक वर करून कोसळते.

दुसरी बाब पंख्याच्या समतोलाची. समतोल पंखा एकसुरी शीळ घालतो. घरघर किंवा थरथर जाणवल्यास पाते तडकले आहे, स्क्रू सैल झाला आहे किंवा मोटरचा दांडा वाकला आहे, असे समजून पंखा थांबवावा. तडा गेलेले पाते चिकटवून पुन्हा वापरणे सर्वथा वर्ज्य आहे.

तिसरी बाब दिशेची. ब्रशविरहित मोटरला तीन वायर असतात. त्यांतील कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलट फिरते. हवा मागे फेकली जाते की नाही, हे कागदाचा कपटा धरून पाहावे. त्याचप्रमाणे नियंत्रकाची दांडी उजवीकडे नेली असता उजव्या पंखाची मागील झडप वर उठली पाहिजे आणि दांडी आपल्याकडे ओढली असता शेपटीची आडवी झडप वर उठली पाहिजे. ही तपासणी विमानाच्या मागे उभे राहून करावी. झडपा उलट्या जोडलेले विमान सुटल्यापासून दोन-तीन सेकंदांत संपते.

चौथी बाब संपर्क तुटण्याची. नियंत्रक आणि विमानातील रिसीव्हर यांचे संभाषण २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. हा संपर्क काही कारणाने तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशी योजना आधीच करून ठेवावी लागते. विमान घट्ट धरून, पंखा मंद फिरत असता नियंत्रक बंद करून पाहावा. पंखा थांबला नाही तर विमान त्या दिवशी उडवू नये. एरवीचा नियम असा की, नियंत्रक सर्वांत आधी सुरू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा.

बॅटरी जोडतेवेळी विमानाच्या तोंडासमोर किंवा शेपटीमागे कोणी उभे राहू नये आणि पंख्याच्या चाकाच्या रेषेतही नसावे. सैल बाही, गळ्यातील दोरी, ओळखपत्राची फीत या वस्तू आधी बाजूला कराव्या. पंखा हवेबरोबर खडेही ओढतो. आपल्याकडील सड्यांवर जांभ्याची बारीक खडी सर्वत्र विखुरलेली असते. तिचा एक कणही पात्यांचा चुराडा करण्यास पुरेसा आहे. धावपट्टी झाडून घेण्याचे काम म्हणूनच कमी प्रतीचे मानू नये.

आकाशात

हे विमान शिकाऱ्याचे पहिले विमान नव्हे. आधी संगणकावरील सरावयंत्रावर आणि मग नाकावर पंखा असलेल्या, उंच पंखांच्या संथ विमानावर हात बसवावा. त्यानंतरही पहिले जेट एखाद्या जाणत्याच्या सोबतीने उडवावे.

साध्या विमानात नाकावरील पंख्याची हवा शेपटीवरून वाहते, त्यामुळे विमान उभे असतानाही शेपटीच्या झडपांना थोडा जोर मिळतो. ईडीएफ विमानात झोत नळीतून थेट मागे निघून जातो. झडपांना जोर मिळतो तो केवळ विमानाच्या वेगातून. म्हणून वाऱ्याला तोंड देऊन, रेटा हळूहळू पूर्ण वाढवून, विमान सरळ धावू द्यावे. पुरेसा वेग येण्याआधी नाक वर ओढण्याची घाई हीच सर्वाधिक विमाने मोडण्याचे कारण ठरते. वेग आला की दांडीला हलका स्पर्श पुरे होतो.

सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर वेगाने जाणारे विमान पाच सेकंदांत १७५ मीटर दूर जाते. करड्या रंगाची प्रतिकृती ढगाळ आकाशात एवढ्या अंतरावर ठिपक्याएवढी दिसते आणि ती येते आहे की जाते आहे, हे उमगत नाही. म्हणून पंखाच्या खालच्या बाजूस ठळक रंगाचा पट्टा द्यावा, फेऱ्या आटोपशीर ठेवाव्या आणि विमान स्वतःच्या व प्रेक्षकांच्या डोक्यावरून कधीही नेऊ नये. वळण घेताना वेग राखावा. कमी वेगात तीव्र वळण घेतल्यास आतील पंखाची उचल नाहीशी होऊन विमान गिरकी घेत खाली येते.

उतरताना रेटा एकदम शून्यावर आणू नये. पंख्याला पुन्हा पूर्ण वेग घेण्यास क्षणभर लागतो आणि जमिनीजवळ तो क्षण हाती नसतो. तिसरा हिस्सा रेटा ठेवून, लांबून, सरळ रेषेत उतरत यावे. चाके टेकण्याच्या बेतात असताना रेटा कमी करावा. नियंत्रकावरील घड्याळ तीन मिनिटांवर लावावे, म्हणजे उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तरी आणखी एक फेरी घेण्यापुरती वीज शिल्लक राहते.

बॅटरीची निगा

या छंदातील सर्वांत धोक्याची वस्तू पंखा नव्हे, तर बॅटरी होय. लिथियम-पॉलिमर बॅटरी जादा भरली, ठेचली, टोचली किंवा तिची टोके एकमेकांस चिकटली तर ती पेट घेते आणि विषारी धूर सोडते. तिच्यासाठी बनविलेल्या चार्जरवरच, सर्व सेल समान भरतील अशा रीतीने ती भरावी. ४००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीस ४ अँपिअरचा प्रवाह योग्य. भरताना ती मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी आणि जवळ माणूस असावा. रात्री चार्जिंगला लावून झोपी जाणे म्हणजे घराला धोका ओढवून घेणे होय.

उड्डाणानंतर बॅटरी निवल्यावरच पुन्हा भरावी. अनेक दिवस वापरावयाची नसल्यास प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारगाडीत ती विसरू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा भरण्याचा मोह टाळावा. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकण्यास किंवा जाळण्यास मनाई आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती अधिकृत संकलकाकडे द्यावयाची असते. मैदानावर वाळूची बादली असावी आणि आग आटोक्याबाहेर जात असल्यास धुरापासून दूर होऊन १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत मोटरचे बेअरिंग आणि वायरींची जोडटोके लवकर गंजतात. पावसाळ्याचे महिने दुरुस्तीसाठी आणि सरावयंत्रावरील अभ्यासासाठी राखून ठेवावे.

जागा आणि कायदा

१.८ किलोग्रॅम वजनाचे विमान सेकंदाला ३५ मीटर वेगाने जाते तेव्हा त्याच्यात ११०० ज्यूल ऊर्जा असते. तेच विमान सुमारे ६२ मीटर उंचीवरून, म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकले असता जमिनीवर जेवढ्या जोराने आदळेल, तेवढाच हा जोर आहे. गोव्यात गावोगावी फुटबॉलची मैदाने आहेत. पण कडेला घरे, रस्ता आणि खेळणारी मुले असलेले मैदान या विमानासाठी योग्य नव्हे. वस्तीपासून दूर, वीजवाहिन्या नसलेली मोकळी जागा, तीही जमीनमालकाच्या अथवा पंचायतीच्या संमतीने, निवडावी.

देशातील मानवरहित विमानांना ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेले ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत आणि दूरनियंत्रित प्रतिकृती-विमानेही त्यांच्या कक्षेत येतात. २५० ग्रॅमपर्यंतचे विमान ‘नॅनो’, त्यावर २ किलोग्रॅमपर्यंतचे ‘मायक्रो’ आणि त्यावर २५ किलोग्रॅमपर्यंतचे ‘स्मॉल’ या वर्गात मोडते. ७० मिलिमीटर पंख्याची विमाने नेमकी २ किलोग्रॅमच्या आसपास असतात. बॅटरीसह वजन केल्यावर काटा ही सीमा ओलांडत असेल तर वर्ग बदलतो आणि चालकाच्या जबाबदाऱ्याही बदलतात. म्हणून आधी वजन करावे.

आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग पाडलेले असून त्यांचा नकाशा केंद्र शासनाच्या ‘डिजिटल स्काय’ या मंचावर पाहावयास मिळतो. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र चालू विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सवलत २०० फुटांपर्यंतच आहे आणि त्याहून जवळ परवानगीवाचून विमान उडविता येत नाही. गोव्याच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची होय. दक्षिणेस दाबोळी आणि उत्तरेस, जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झालेला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, असे दोन विमानतळ या लहानशा राज्यात आहेत. शिवाय दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. संरक्षण दलांच्या आस्थापनांभोवतीही निर्बंध असतात. आपल्या गावाचे आकाश कोणत्या विभागात मोडते, हे पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नये. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्यामुळे ते प्रत्येक हंगामापूर्वी नव्याने वाचावेत.

उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या मार्गात दोन किलोग्रॅमची वस्तू येणे ही किरकोळ चूक ठरत नाही. त्या विमानात शेकडो माणसे असतात आणि त्यांच्या वैमानिकाला तो ठिपका दिसण्याची शक्यता नगण्य असते.

शाळांनी काय करावे?

शाळेने एकदम जेट विमान घेण्याची गरज नाही. विज्ञान मंडळाने प्रथम नुसता पंखा, मोटर आणि लहान बॅटरी एका भक्कम फळीवर बसवावी, तोंडावर जाळी लावावी आणि वजनकाट्याच्या साहाय्याने रेटा मोजावा. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट दाखविणारा मीटर जोडावा. नळीच्या तोंडावर पुठ्ठ्याचा धारदार आणि गोलसर असे दोन ओठ आळीपाळीने बसवून रेट्यात पडणारा फरक विद्यार्थ्यांना नोंदवावयास सांगावा. मागील तोंड अरुंद करीत जाऊन आलेख काढावा. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करावा. एवढ्या सामग्रीत न्यूटनचे नियम, ओहमचा नियम, ऊर्जेचे रूपांतर आणि द्रवगतिशास्त्राचा श्रीगणेशा हे सर्व विषय येऊन जातात.

ज्या विद्यार्थ्यांना पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा हा एक मार्ग आहे; विमान-प्रतिकृती बांधणे आणि उडविणे हा तिच्या प्रशिक्षणाचाच एक भाग आहे. बालपणी फोमचे विमान तोलून पाहणारा हात पुढे खऱ्या विमानाची देखभाल करील, एखादी नळी अधिक चांगली घडवील किंवा विमानतळावरील नियंत्रणकक्षात बसेल.

साडेतीन मिनिटांच्या उड्डाणासाठी दोन-तीन तास तपासणी करावी लागते, हे ऐकून काहींना हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पण या छंदाचे खरे शिक्षण त्या तासांतच दडलेले आहे. काटा पाहणे, स्क्रू पिळून पाहणे, वारा पाहणे, नकाशा पाहणे आणि यांपैकी एखाद्या बाबतीत शंका आली तर विमान पुन्हा पेटीत ठेवून घरी परतणे, ही शिस्त ज्याच्या अंगवळणी पडली, त्याच्या हाती विमान सोपविण्यास हरकत नाही.